ब्लेंडर २.७९ आणि फ्लॅश सीएस६ : जुन्या सॉफ्टवेअरला गडद रूप कसं द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉप जुना, त्यावर ब्लेंडर (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) २.८० किंवा पुढची आवृत्ती उघडतच नाही, म्हणून २.७९ वर काम चालतं. फ्लॅश सीएस६ (ॲडोबीचं टू-डी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) मधली काही जुनी कामंही अजून सुरू आहेत. रात्री बसलं की दोन्हींचा फिकट करडा पडदा डोळ्यांवर येतो. विंडोजचा डार्क मोड चालू करून पाहिला, पण या दोघांवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. नव्या आवृत्त्यांसारखं गडद रूप यांना देता येईल का?

ब्लेंडरला देता येईल, आणि तेही अगदी हवं तसं. फ्लॅश सीएस६ ला देता येणार नाही. तिथे फक्त चित्राभोवतीचा उजेड कमी करता येतो, त्याची युक्ती पुढे सांगतो. एकाच कॉम्प्युटरवरच्या दोन प्रोग्रामच्या बाबतीत उत्तर इतकं वेगळं का, हे कळलं की उद्या तिसरं कुठलं जुनं सॉफ्टवेअर हाती आलं तरी त्याचं काय होईल याचा अंदाज तुमचा तुम्हालाच येईल. म्हणून आधी तेवढं सांगतो.

कुठल्याही प्रोग्रामची बटणं, मेन्यू, पॅनेल कोण रंगवतं, हा पहिला प्रश्न. काही प्रोग्राम हे काम पूर्णपणे स्वतः करतात. काही क्यूटी किंवा जीटीके अशा टूलकिटवर, म्हणजे बटणं-मेन्यूंच्या तयार संचावर, सोपवतात. आणि खूप जुने प्रोग्राम थेट विंडोजलाच विचारतात की बाबा, बटणाचा रंग सध्या कुठला आहे? विंडोज १० मध्ये २०१६ साली आलेला डार्क मोड यांपैकी कोणालाच जबरदस्ती करत नाही. ज्या प्रोग्रामच्या लेखकाने ‘डार्क मोड चालू आहे का’ असं तपासायची सोय लिहिली असेल, तोच प्रोग्राम बदलतो. फ्लॅश सीएस६ २०१२ चं. जी गोष्ट तेव्हा अस्तित्वातच नव्हती, ती ते तपासणार कसं? मॅकवर २०१८ च्या मोहावेपासून डार्क मोड आला, तिथेही जुन्या ॲप्सची हीच गत आहे. त्यामुळे तुमच्या सेटिंगमध्ये काही चुकलेलं नाही.

आता ब्लेंडर. ब्लेंडर पहिल्या गटातलं, आणि त्यातही टोकाचं. खिडकीतली रेघ न् रेघ ते स्वतः ओपनजीएल (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घ्यायची पद्धत) वापरून रंगवतं. विंडोजकडून येते ती फक्त बाहेरची चौकट आणि वरची नावाची पट्टी. (ती पट्टी पांढरीच राहिली तर ब्लेंडरमध्ये शोधत बसू नका, तिचा रंग विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे.) तुमच्याकडे २.८० उघडत नाही त्याचं कारणही बहुधा हेच ओपनजीएल असेल. २.७९ ला ओपनजीएल २.१ पुरतं, २.८० ला किमान ३.३ लागतं, आणि जुन्या लॅपटॉपमधल्या बऱ्याच ग्राफिक्स चिप तिथवर पोचत नाहीत. २.८० जुलै २०१९ मध्ये आलं आणि त्यात गडद थीम मूळचीच झाली. लोकांचा समज असा झाला की गडद रूप २.८० ने आणलं. तसं नाही. थीमची सोय त्याआधी कितीतरी वर्षं होती, कोणी तिकडे फिरकत नव्हतं एवढंच.

फाइल मेन्यूत यूजर प्रेफरन्सेस उघडा, किंवा कंट्रोल-आल्ट-यू दाबा. थीम्स टॅबवर जा. डाव्या कोपऱ्यात प्रीसेट्सची यादी आहे, २.७९ सोबत बऱ्याच थीम येतात. ‘बॅक टु ब्लॅक’, ‘एल्सियुन’, ‘फ्लॅटी डार्क ब्लूबेरी’, शिवाय ‘माया’, ‘मोडो’, ‘थ्रीडीएस मॅक्स’ अशी इतर सॉफ्टवेअरची नक्कल करणारी नावंही दिसतील. एकेक निवडून बघा, बदल त्याच क्षणी दिसतो, ब्लेंडर बंद करून उघडावं लागत नाही. पसंत पडली की खाली ‘सेव्ह यूजर सेटिंग्ज’ दाबायला विसरू नका. हे बटण न दाबता ब्लेंडर बंद केलं तर दुसऱ्या दिवशी जुनंच रूप समोर येतं, आणि मग लोक म्हणतात थीम टिकत नाही.

एवढ्यावर भागलं तर इथेच थांबा आणि कामाला लागा. पण मला स्वतःला यातली एकही थीम जशीच्या तशी ॲनिमेशनसाठी पटत नाही. ‘बॅक टु ब्लॅक’ तर मुळीच नाही. ती दिसायला झोकदार आहे, पण कुट्ट काळ्याच्या शेजारी ठेवलेला कुठलाही रंग आहे त्यापेक्षा उजळ आणि भडक वाटतो. तुम्ही पात्राच्या चेहऱ्यावर सावली टाकता, ती तिथे व्यवस्थित उठून दिसते, आणि तोच शॉट पांढऱ्या पानावर किंवा टीव्हीवर पाहिला की चेहरा मळकट. डोळा रंग एकटा पाहतच नाही, शेजाऱ्यासकट पाहतो. त्यासाठी पॅनेल गडद हवीत पण काळी नकोत, आणि करडी हवीत पण निळसर किंवा तपकिरी झाक नको. ‘ब्लूबेरी’बद्दलही माझी तक्रार हीच. कोडिंग करणाऱ्याला निळसर पॅनेल चालेल. रंग लावणाऱ्याला ते दिवसभर फसवत राहतं.

गडद इंटरफेस ही काही आजची फॅशन नाही. माँट्रियलच्या डिस्क्रीट लॉजिक कंपनीचं फ्लेम (व्हिडिओवर इफेक्ट्स करायचं सॉफ्टवेअर) १९९० च्या दशकात आलं तेव्हापासून गडद करडंच आहे, कारण ते वापरलं जायचं अंधाऱ्या खोलीत, समोर मोठा मॉनिटर लावून, आणि तिथे चित्राखेरीज दुसरं काही चमकणं परवडत नसे. उलट हाताने काढायच्या ॲनिमेशनचे प्रोग्राम कागद आणि लाइट टेबलच्या सवयीतून आले, म्हणून पांढरे. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच होते.

तर स्वतःची थीम करा. वेळ लागतो, पण एकदाच. सुरुवात ‘माया’ प्रीसेटपासून करा, ती आधीच मध्यम गडद आणि तटस्थ आहे. थीम्स टॅबच्या डाव्या बाजूला एकेका एडिटरचं नाव आहे: थ्रीडी व्ह्यू, टाइमलाइन, ग्राफ एडिटर, डोप शीट, प्रॉपर्टीज वगैरे. ब्लेंडरमध्ये प्रत्येक एडिटरचा रंग वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे एका ठिकाणी पार्श्वभूमी बदलली म्हणजे सगळीकडे बदलली असं होत नाही. कंटाळवाणं काम आहे. ते झटपट उरकायचं तर एका रंगाच्या चौकोनावर माउस नेऊन कंट्रोल-सी, दुसऱ्यावर नेऊन कंट्रोल-व्ही. क्लिक करायची गरज नाही, माउस नुसता वर असला की पुरे. रंग निवडताना एचएसव्ही पद्धत (छटा, रंगाची तीव्रता आणि उजळपणा असे तीन आकडे) घ्या आणि मधला आकडा, म्हणजे सॅच्युरेशन, सरळ शून्य करा. व्हॅल्यू पॅनेलसाठी ०.२२ ते ०.२८ च्या आसपास. अक्षरं पूर्ण पांढरी करू नका, ०.७५ ते ०.८ पुरतात. गडद पार्श्वभूमीवर शुभ्र पांढरी बारीक अक्षरं अनेकांना पसरट दिसतात, विशेषतः ज्यांच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना.

एक गोष्ट नीट पाहिलीत तर लक्षात येईल: २.७९ चा थ्रीडी व्ह्यूपोर्ट (जिथे तुमचा सीन दिसतो तो मधला भाग) मुळातच गडद आहे. डोळ्याला खुपतात ती बाजूची प्रॉपर्टीज, टाइमलाइन आणि हेडर. म्हणजे खरा बदल पॅनेलमध्ये करायचा आहे, व्ह्यूपोर्टला हात लावायची गरज नसतेच बहुतेक वेळा. किंबहुना ग्रीस पेन्सिलने (ब्लेंडरमधलं हाताने रेघा काढायचं साधन) टू-डी ॲनिमेशन करत असाल तर मी उलटं सांगेन: पॅनेल गडद करा आणि व्ह्यूपोर्ट फिकट करा. काळी रेघ गडद करड्यावर कशी दिसणार? थीम्समध्ये थ्रीडी व्ह्यू उघडून ग्रेडियंटचा विभाग शोधा. ‘शो ग्रेडियंट’ची खूण काढली की एकच सपाट रंग राहतो, तो ०.६ च्या आसपास ठेवा. पॅनेलने मागे हटायचं आणि कॅनव्हासने कामाला लागेल तो रंग घ्यायचा, असे हे दोन वेगळे निर्णय आहेत. बहुतेक लोक ‘डार्क थीम’ म्हणून दोन्ही एका झटक्यात काळे करतात आणि मग रेघ दिसत नाही म्हणून ब्रश जाड करत बसतात.

आता ॲनिमेटरने खास सांभाळायच्या जागा. मी दुसऱ्याची थीम तपासतो तेव्हा आधी इथेच बघतो.

पहिली जागा म्हणजे ‘स्टेट’. यूजर इंटरफेस विभागात खाली हा गट आहे. ब्लेंडरमध्ये एखाद्या आकड्याला ॲनिमेशन असेल तर त्याचा रकाना हिरवा होतो, चालू फ्रेमवर कीफ्रेम (त्या क्षणासाठी नोंदवलेला आकडा) असेल तर पिवळा, ड्रायव्हर (दुसऱ्या आकड्यावरून हा आकडा ठरवणारा दुवा) असेल तर जांभळा. दिवसभरात शेकडो वेळा डोळा हे रंग वाचतो, आपल्या लक्षातही येत नाही. गडद थीममध्ये रकान्याचा मूळ रंगच काळपट असल्याने हिरवा आणि जांभळा दोन्ही चिखलासारखे दिसतात, आणि ‘इथे कीफ्रेम पडली की नाही’ हे कळेनासं होतं. त्याच गटात ‘ब्लेंड’ नावाचा आकडा आहे. हे रंग रकान्यात किती मिसळायचे ते तो ठरवतो. तो वाढवा. गरज पडली तर पिवळा थोडा उजळ करा. थीम दिसायला थोडी कमी देखणी होईल, होऊ द्या.

दुसरी जागा ग्राफ एडिटर, जिथे हालचाल वक्ररेषांनी दिसते. गडद पार्श्वभूमीवर निळी वक्ररेषा बुडते, आणि निवड नसलेल्या वक्ररेषा तर जवळजवळ नाहीशा होतात. हा रंगाचा दोष नाही, पारदर्शकतेचा आहे. त्याचा उपाय थीम्समध्ये सापडणार नाही. तो प्रेफरन्सेसच्या ‘एडिटिंग’ टॅबमध्ये ‘एफ-कर्व्ह व्हिजिबिलिटी’ या नावाने आहे. मूळचा आकडा बराच कमी असतो, तो दुप्पट करून बघा. ग्रिडच्या रेघा मात्र पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम उजळ ठेवा. ग्रिड उठून दिसायला लागली की वक्ररेषा वाचायचं काम दुप्पट अवघड होतं.

तिसरी, थ्रीडी व्ह्यूमधला ‘वायर’ रंग. मूळचा काळा. वायरफ्रेममध्ये (वस्तू नुसत्या रेघांनी दाखवणारं दृश्य) रिग (पात्र हलवायचा हाडांचा सांगाडा) पाहताना निवड नसलेल्या वस्तू अंधारात जातात. मध्यम करडा करा. हाडांचे रंग ‘बोन कलर सेट्स’ या वेगळ्या विभागात आहेत. डावा-उजवा हात ओळखायला तुम्ही बोन ग्रुपना रंग दिले असतील, तर गडद निळे आणि गडद जांभळे सेट टाळा.

चौथी गोष्ट बारीक आहे, पण हमखास छळते. मूळ फिकट थीमपासून सुरुवात करून रंग बदलत गेलात तर पॅनेलवरची नावं दुहेरी, धुरकट दिसायला लागतात. लोकांना वाटतं मॉनिटर बिघडला किंवा फॉन्ट खराब झाला. खरं कारण अक्षराची सावली. फिकट पॅनेलवर काळं अक्षर जरा उठावदार दिसावं म्हणून त्याच्यामागे पांढरट सावली दिलेली असते. पॅनेल गडद झालं की तीच सावली अक्षराचं भूत होऊन दिसते. थीम्सच्या डाव्या यादीत ‘टेक्स्ट स्टाइल’ आहे, तिथे प्रत्येक प्रकारच्या अक्षरासाठी सावलीची अल्फा (अपारदर्शकता) शून्य करा.

टाइमलाइन, डोप शीट आणि ग्राफ एडिटरमधली चालू फ्रेमची उभी रेघ तिन्ही ठिकाणी एकाच रंगाची ठेवा, म्हणजे नजर एकीकडून दुसरीकडे गेली तरी शोधावं लागत नाही. बाकी रंग आवडीप्रमाणे.

झालं की प्रीसेट्सच्या यादीशेजारचं अधिकचं चिन्ह दाबून थीमला नाव द्या. नाव देऊन पुन्हा काही बदललं तर ते त्या प्रीसेटमध्ये आपोआप जात नाही, पुन्हा अधिक दाबावं लागतं. इंटरनेटवरून घेतलेली थीम घालायची असेल तर खाली ‘इन्स्टॉल थीम’ आहे. ती एक्सएमएल फाइल असते. घेताना कुठल्या आवृत्तीसाठी केली आहे ते बघा. २.८० आणि पुढच्यांसाठी केलेली थीम २.७९ मध्ये धड बसत नाही, काही रंग येतात आणि काही जुनेच राहतात. असा गोंधळ झाला तर ‘रीसेट टु डिफॉल्ट थीम’ आहेच.

कोणी २.४९ वर असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे प्रेफरन्सेसची वेगळी खिडकी नाही. वरची माहितीची पट्टी धरून खाली ओढली की प्रेफरन्सेस दिसतात, त्यात ‘थीम्स’. मूळ थीम बदलता येत नाही, आधी ‘ॲड’ करून प्रत घ्यावी लागते. आणि सेटिंग टिकवायला कंट्रोल-यू दाबावं लागतं. ते दाबताना सावध राहा, कारण त्या काळी कंट्रोल-यू फक्त सेटिंग नाही तर समोर उघडलेला अख्खा सीनही ‘सुरुवातीचा सीन’ म्हणून साठवतं. अर्धवट रिग उघडी असताना दाबलंत तर रोज तीच रिग समोर उभी राहील. रिकाम्या फाइलमध्येच थीम करा.

आता फ्लॅश. इथली गंमत बघा: ॲडोबीच्या २०१२ च्या त्याच सीएस६ संचातलं फोटोशॉप गडद झालं, त्यात चार छटांतून निवड करता येते, इलस्ट्रेटरलाही छटा मिळाल्या. फ्लॅश मात्र तसंच फिकट राहिलं. गडद रूपाचा पर्याय २०१३ च्या फ्लॅश सीसीमध्ये आला, प्रेफरन्सेसच्या जनरल विभागात, ‘यूजर इंटरफेस’ या नावाने. पुढे २०१६ मध्ये फ्लॅशचं नाव ॲनिमेट झालं तरी तो पर्याय राहिला. मग सरळ नवीन आवृत्ती घ्या, असं कोणीही म्हणेल. पण फ्लॅश सीसीने ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची कोड लिहायची भाषा) १ आणि २ चा आधार काढून टाकला. ज्यांच्या जुन्या फायलींत ॲक्शनस्क्रिप्ट २ आहे, त्यांना सीएस६ सोडता येत नाही. तुमच्या फायलींत फक्त ट्वीन आणि सिम्बॉल असतील, कोड नसेल, तर एकदा ॲनिमेटमध्ये उघडून बघायला हरकत नाही. त्यात सीएस६ च्या फायली उघडतात.

सीएस६ मध्येच राहायचं असेल तर पॅनेलचा रंग बदलायची कुठलीही अधिकृत सोय नाही. ‘फ्लॅश सीएस६ डार्क पॅच’ अशा नावाने मिळणाऱ्या, मूळ प्रोग्रामची फाइलच बदलणाऱ्या गोष्टींच्या वाटेला जाऊ नका. ज्या फाइलवर तुमचा परवाना आणि तुमचं काम दोन्ही अवलंबून आहे, ती अनोळखी माणसाने उघडून पुन्हा बांधलेली असते. त्यात काय भरलंय ते तपासायची सोय नसते.

जे करता येतं ते असं. सगळ्यात खालचा एक नवा लेयर घ्या, त्यावर स्टेजच्या (चित्राचा जो भाग शेवटी दिसतो त्या चौकोनाच्या) बाहेर चारी बाजूंना चांगला पसरेल एवढा मोठा गडद करडा आयत काढा, लेयरला गाइड करा आणि कुलूप लावा. व्ह्यू मेन्यूत ‘पेस्टबोर्ड’ला खूण असू द्या, म्हणजे स्टेजबाहेरचा भागही दिसतो. पडद्यावरचा सर्वांत मोठा उजळ तुकडा या एका आयताने झाकला जातो. गाइड लेयर पब्लिश केलेल्या फाइलमध्ये येत नाही, त्यामुळे शेवटी काढून टाकायची आठवण ठेवावी लागत नाही. स्टेजचा आकार कळायला हवा असेल तर आयताच्या मधोमध स्टेजएवढी पातळ चौकट त्याच लेयरवर काढा. स्टेजचा रंगच गडद करणं हा सोपा मार्ग वाटतो, पण तो रंग फाइलसोबत बाहेर जातो. क्लायंटकडे काळ्या पार्श्वभूमीची फाइल पोचली की फोन येतो.

त्याच्या जोडीला एफ४ वापरा. सगळी पॅनेल एका बटणाने नाहीशी होतात, पुन्हा दाबलं की परत येतात. कोड लिहीत असाल तर प्रेफरन्सेसच्या ॲक्शनस्क्रिप्ट विभागात कोडच्या खिडकीची पार्श्वभूमी, कीवर्ड, कॉमेंट यांचे रंग बदलता येतात. तेवढी एक खिडकी खरोखर गडद होते. टाइमलाइन आणि प्रॉपर्टीज तशीच राहतील, त्याला इलाज नाही.

बाकीच्या जुन्या सॉफ्टवेअरबद्दल भराभर सांगतो, कारण स्टुडिओत आणि क्लासमध्ये ही सगळी शेजारीशेजारी असतात.

आफ्टर इफेक्ट्समध्ये ७.० पासून उजळपणाचा स्लायडर आहे. सीएस३ मध्ये तो प्रेफरन्सेसच्या ‘यूजर इंटरफेस कलर्स’मध्ये, पुढच्या आवृत्त्यांत ‘अपिअरन्स’मध्ये. स्लायडर पूर्ण डावीकडे नेऊ नका. जुन्या आवृत्त्यांत बंद असलेल्या आणि चालू असलेल्या गोष्टींमधला फरक तिथे पुसट होतो.

थ्रीडीएस मॅक्सच्या २००८-०९ च्या सुमाराच्या आवृत्त्यांत गडद रूप सोबतच दिलेलं आहे. कस्टमाइझ मेन्यूत ‘कस्टम यूआय अँड डिफॉल्ट्स स्विचर’ उघडा आणि यूआय स्कीममध्ये ‘एएमई-डार्क’ निवडा. मात्र स्कीम म्हणजे नुसते रंग नव्हेत. तिच्यासोबत टूलबार, मेन्यू आणि कीबोर्ड शॉर्टकटही बदलतात, आणि वर्षानुवर्षं बसवलेले शॉर्टकट एका क्लिकमध्ये जातात. म्हणून आधी ‘सेव्ह कस्टम यूआय स्कीम’ने स्वतःची मांडणी साठवा. त्याहून बरं म्हणजे ‘कस्टमाइझ यूजर इंटरफेस’मध्ये ‘कलर्स’ टॅबवर जाऊन ‘लोड’ दाबा आणि एएमई-डार्कची फक्त सीएलआर फाइल घ्या. रंग तेवढे येतात, शॉर्टकटला धक्का लागत नाही.

माया २०११ मध्ये क्यूटीवर गेलं आणि तेव्हापासून गडद आहे. २०१० किंवा त्याआधीचं असेल तर पॅनेलच्या नादी लागू नका, विंडो मेन्यूतल्या सेटिंग्जमधून ‘कलर सेटिंग्ज’ उघडून व्ह्यूपोर्टची पार्श्वभूमी तेवढी बदला. टून बूम हार्मनीच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या जनरल टॅबमध्ये ‘डार्क लूक’ची खूण असते, खूण केल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा लागतो, नाहीतर काहीच झालं नाही असं वाटतं. ओपनटून्झमध्ये प्रेफरन्सेसच्या इंटरफेस विभागात थीम निवडता येते. सिनफिग जीटीके ३ वर गेल्यानंतर त्यातही गडद थीमचा पर्याय आला, तोही प्रेफरन्सेसमध्येच.

थेट विंडोजचे रंग उचलणारे फार जुने प्रोग्राम असतील, आणि कॉम्प्युटर एक्सपी किंवा विंडोज ७ चा असेल, तर क्लासिक थीम घेऊन तिचे रंग एकेक करून गडद करता येतात. विंडोज ८ पासून क्लासिक थीमच गेली, आता हाय कॉन्ट्रास्ट तेवढा उरला आहे. दोन्ही उपाय अर्धेमुर्धेच. प्रोग्रामच्या लेखकाने पार्श्वभूमीचा रंग विंडोजकडून घेतलेला असतो आणि अक्षराचा काळा रंग मात्र स्वतः लिहून ठेवलेला असतो. मग काळ्यावर काळी अक्षरं वाचत बसा. मॅग्निफायर चालू करून कंट्रोल-आल्ट-आय दाबलं की अख्ख्या पडद्याचे रंग उलटे होतात, पण त्यात तुमच्या चित्राचेही रंग उलटतात. कोड किंवा मदतीची पानं वाचायला ठीक, रंगकामाला निरुपयोगी.

शेवटी डोळ्यांचं. गडद इंटरफेस म्हणजे डोळ्यांना आराम, असं सरसकट समीकरण नाही. दुपारी खिडकीजवळ किंवा ट्यूबलाइटखाली बसलात तर गडद पडदा आरशासारखा वागतो. त्यात तुमचा चेहरा आणि मागचा दिवा दिसतो, आणि आपण ते भेदून बघण्यासाठी मॉनिटरचा ब्राइटनेस आणखी वाढवतो. रात्री काम करत असाल तर खोली पूर्ण काळोखी ठेवू नका. मॉनिटरच्या मागे भिंतीवर पडेल असा एक पांढरा मंद दिवा लावा. पिवळा नको, रंग ठरवताना तो नडतो. आणि ब्राइटनेस खाली आणा. बहुतेक लॅपटॉप रात्री गरजेपेक्षा कितीतरी जास्त उजळ ठेवलेले असतात, निम्मा त्रास तिथेच संपतो. बॅटरी वाचेल म्हणून हे करत असाल तर जुन्या लॅपटॉपवर वाचणार नाही. त्याचा पडदा एलसीडी असतो आणि त्यामागचा दिवा काळा रंग दाखवतानाही तेवढाच जळत असतो. ती बचत ओएलईडी पडद्यावर होते.

थीम मनासारखी झाली की ब्लेंडरच्या सेटिंगचं फोल्डर जपून ठेवा. विंडोजमध्ये ते तुमच्या यूजर फोल्डरातल्या ॲपडेटामध्ये, रोमिंगच्या आत, ‘ब्लेंडर फाउंडेशन’ नावाने असतं. त्यात ब्लेंडर आणि मग २.७९. ॲपडेटा सहसा लपवलेलं असतं, आधी लपलेली फोल्डर दाखवायचा पर्याय चालू करावा लागेल. २.७९ हे अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. जुन्या लॅपटॉपवर विंडोज पुन्हा टाकायची वेळ येतेच. तेव्हा ब्लेंडर टाकून हेच फोल्डर त्याच जागी ठेवलं की थीम, शॉर्टकट आणि ॲड-ऑनची निवड जशीच्या तशी परत येते.